रेजेक्सचे आठ महिने: यादीतली निपाणी का सापडत नव्हती

बेळगावातल्या एका सोसायटीत मी संगणकाचं काम बघतो. गेले आठ महिने सभासदांच्या पत्त्यांची यादी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या रेजेक्सने, म्हणजे मजकुरात ठराविक नमुना शोधायच्या सूत्रांनी, साफ करतोय.

पहिल्या आठवड्यातच जीव जडला. एकाच गावाची आमच्याकडे तीन रूपं: जुन्या पावत्यांवर ‘बेळगांव’, आपण बोलतो ते ‘बेळगाव’, आणि १ नोव्हेंबर २०१४ ला अधिकृत नाव बदलल्यानंतरच्या अर्जांवर ‘बेळगावी’. `बेळगां?वी?` एवढ्यात तिन्ही येतात. प्रश्नचिन्ह म्हणजे ‘असलं तरी चालेल, नसलं तरी चालेल’; ते लगेच आधीच्या एकाच चिन्हाला लागतं, आणि युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंचात, अनुस्वार, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हं आहेत, म्हणून हे जमतं.

कंग्राळी बुद्रुक या गावाच्या नावातल्या ‘बुद्रुक’ला कोणी ‘बु॥’ लिहितं, कोणी ‘बी.के.’. इथे `(बु|बुद्रुक)` लिहू नका. पायथॉन पहिल्या जुळलेल्या पर्यायावरच थांबतो आणि ‘द्रुक’ मागे उरतं. मोठा पर्याय आधी. ‘बी.के.’तल्या टिंबाआधी उलटी तिरकी रेघ, म्हणजे बॅकस्लॅशही हवा, नाहीतर टिंबाच्या जागी कुठलंही अक्षर चालतं.

खरा त्रास शब्दाच्या सीमेचा झाला. दोन्ही टोकांना बॅकस्लॅश बी (`\b`, शब्दाची सीमा दाखवणारी खूण) लावून ‘खानापूर’ शोधलं, सगळी मिळाली. ‘निपाणी’ शोधलं, एकही नाही! डोळ्यांसमोर तर ढीगभर दिसत होती. वर गंमत अशी की ‘निपाणीत’ मात्र सापडत होतं, जे मला नकोच होतं. दोन दिवस मी यादीलाच दोष देत बसलो. कारण असं की पायथॉनसोबतच येणारं रेजेक्सचं मूळ ‘री’ (re) मॉड्यूल काना, वेलांटी, मात्रा यांना शब्दातलं अक्षर मानतच नाही. ‘निपाणी’ वेलांटीवर संपते, पुढे मोकळी जागा, म्हणजे त्याच्या लेखी तिथे सीमाच नाही. ‘निपाणीत’मध्ये वेलांटीनंतर ‘त’ येतो, तिथे त्याला सीमा दिसते. ‘टिळकवाडी’चंही हेच. आता मी सीमा स्वतः लिहितो:

`(?<![ऀ-ॿ])निपाणी(?![ऀ-ॿ])`

म्हणजे मागेपुढे देवनागरीतलं काहीही नको. वेगळं मिळणारं ‘रेजेक्स’ (regex) याच नावाचं मॉड्यूल मात्रांना शब्दातच धरतं. मराठीत नव्याने सुरुवात करणाऱ्याने सरळ तेच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एकदा अख्खी ओळ देवनागरीतच आहे का हे तपासायला `^([ऀ-ॿ]+ ?)+$` लावून रात्री घरी गेलो. सकाळी प्रोग्राम एकाच ओळीवर अडकलेला. लांबलचक मराठी पत्ता आणि शेवटी एकच शब्द कानडी लिपीत. अधिकच्या चिन्हाच्या (+, म्हणजे ‘एक किंवा जास्त वेळा’) आत पुन्हा अधिक असलं की न जुळणारी ओळ तोडायचे असंख्य मार्ग तो एकेक करून तपासत बसतो. `^[ऀ-ॿ ]+$` केल्यावर तीच ओळ क्षणात बाजूला पडली.

आकड्यांनी मात्र मन जिंकलं. पायथॉन ३ मध्ये बॅकस्लॅश डी (`\d`, कुठल्याही अंकाची खूण) हे देवनागरी, कानडी आणि इंग्रजी, तिन्ही अंक ओळखतं. उताऱ्यावरचा सर्व्हे नंबर कानडी अंकांत असो वा पावतीवरचा मराठीत, नमुना एकच.