‘संपूर्ण वायरिंग बदलावे लागेल’: एका जुन्या एमजीबीच्या दुरुस्तीत झालेली फसवणूक

जुन्या मोटारीतील विजेच्या बिघाडाच्या नावाखाली माझ्याकडून १,८९० पौंड घेतले गेले आणि ज्या कामासाठी ते घेतले, ते काम जवळजवळ झालेच नव्हते. खरा बिघाड होता तो दहा पौंडांपेक्षाही स्वस्त अशा एका विणीच्या तांब्याच्या पट्टीचा. इंग्लंडमधल्या माझ्या ओळखीच्या तीन-चार मराठी कुटुंबांनी अलीकडे हौसेने अशा गाड्या घेतल्या आहेत. त्यांच्यापैकी कोणावर ही वेळ येऊ नये म्हणून झाला प्रकार तपशिलासह लिहीत आहे.

माझी गाडी १९७२ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे ब्रिटिश एमजी कंपनीची छोटी स्पोर्ट्स कार आहे. १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डशायरमधील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात या गाड्या तयार झाल्या. १,७९८ सीसीचे इंजिन, दोन माणसांपुरती जागा आणि वर कापडी छत, असा हा साधा सुटसुटीत प्रकार आहे. लहानपणी पुण्यात अशा गाडीचे चित्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवले होते. कॉव्हेंट्रीजवळ स्थायिक झाल्यावर, पन्नाशी उलटल्यानंतर ती घेणे जमले, त्यामुळे तिच्याबद्दल मला किती जिव्हाळा आहे हे वेगळे सांगायला नको. हा जिव्हाळा समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांतच कळतो, आणि त्याचा फायदाही घेतला जातो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मी एका गॅरेजमध्ये क्लच बदलून घेतला. एमजीबीचा क्लच बदलायचा तर इंजिन बाहेर काढावे लागते. गाडी परत आली तेव्हापासून स्टार्टर (इंजिन सुरू करणारी मोटर) जड फिरू लागला, इंजिन मंद गतीवर असताना दिवे पिवळट पडू लागले आणि थंडीत चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावे म्हणून ओढायची, केबलला जोडलेली मूठ) ओढून गाडी सुरू करताना डॅशबोर्डजवळ जळलेल्या ग्रीसचा वास येऊ लागला. एकदा चोकची मूठ हाताला चक्क गरम लागली. क्लचचे काम आणि हा त्रास यांचा संबंध माझ्या लक्षात यायला हवा होता. त्या वेळी मात्र मी बॅटरी जुनी झाली असे समजून ती बदलली आणि हिवाळा तसाच काढला.

एप्रिलमध्ये ‘जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या विजेच्या कामांचा तज्ज्ञ’ अशी जाहिरात करणाऱ्या एका गृहस्थांना घरी बोलावले. त्यांचे बोलणे अत्यंत अदबीचे होते. या गाड्यांची विद्युत उपकरणे लुकास कंपनीची असतात आणि ब्रिटनमध्ये या कंपनीला गंमतीने ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणतात, हे त्यांनी आल्याआल्या सांगितले. ही थट्टा मी आधीही ऐकली होती, त्यामुळे पुढचे सगळे मला पटत गेले. आज माझे मत असे आहे की ही बदनामी बऱ्याच अंशी अन्यायाची आहे. पन्नास वर्षे दमट हवेत राहिलेल्या कोणत्याही कंपनीच्या जोडांवर गंज चढणारच, आणि बहुतेक बिघाड या जोडांमध्येच सापडतात. पण ‘लुकास म्हणजे सगळेच खराब’ हा समज एकदा मनात बसला की समोरचा सांगेल तो खर्च रास्त वाटू लागतो.

त्यांनी बॉनेट उघडून फ्यूजच्या खोक्याजवळचा एक जोड ओढून काढला आणि त्यावरची हिरवी पूड मला बोटावर घेऊन दाखवली. मग टेस्ट लॅम्प, म्हणजे वायरीत करंट असेल तर लागणारा छोटा दिवा घेतला, त्याची चिमटी बॉनेटच्या आतील पत्र्याच्या कडेला लावली आणि टोकाने एकामागून एक चार वायरी तपासल्या. दिवा एकदाही लागला नाही. ‘पाहा, कुठेच करंट पोहोचत नाही, संपूर्ण वायरिंग बदलावे लागेल,’ असे ते म्हणाले आणि मी मान डोलावली. ती चिमटी रंग दिलेल्या पत्र्यावर लावलेली होती. रंगातून वीज जात नाही, त्यामुळे वायर कितीही चांगली असली तरी दिवा लागणे शक्यच नव्हते. शिवाय चारही वायरींत करंट नसता तर थोड्याच वेळापूर्वी त्यांच्यासमोर मी गाडी सुरू करू शकलो नसतो. एवढा साधा विचारही त्या क्षणी मला सुचला नाही.

नवीन वायरिंग, नवीन अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारे यंत्र) आणि नवे फ्यूजचे खोके मिळून १,६५० पौंड ठरले. सुटे भाग मागवण्यासाठी ९०० पौंड आगाऊ, तेही थेट बँक खात्यात, आणि उरलेले ७५० रोख, म्हणजे ‘तुम्हाला थोडे स्वस्त पडेल’, अशी अट होती. गाडी पाच आठवडे त्यांच्याकडे राहिली. मे अखेरीस ती परत आली तेव्हा इंजिनाभोवतीच्या सगळ्या वायरींवर नवीकोरी काळी टेप होती, अल्टरनेटर चकचकीत होता आणि पहिल्याच झटक्यात गाडी सुरू झाली. जुने भाग मागितले तर ते भंगारात दिल्याचे सांगण्यात आले. ही बाब मी हसून सोडून दिली, आणि माझ्या सगळ्या चुकांत हीच मोठी होती असे मला वाटते.

बॅटरी पूर्ण चार्ज करून दिलेली होती आणि दिवस उन्हाळ्याचे होते, म्हणून काही आठवडे बरे गेले. जुलैमध्ये पुन्हा तोच जड स्टार्टर आणि तोच वास सुरू झाला. या वेळी त्याच तज्ज्ञाने निदान केले की स्टार्टर निकामी झाला आहे, आणि त्याचे आणखी २४० पौंड मी भरले. त्यानेही फरक पडला नाही तेव्हा मी फोन केले. पहिले दोन उचलले गेले, नंतरचे नाही.

सप्टेंबरमध्ये माझ्या गल्लीत राहणारे एक निवृत्त गृहस्थ, ज्यांनी स्वतःची ट्रायम्फ ही जुनी ब्रिटिश गाडी तीस वर्षे सांभाळली आहे, एक साधा मल्टिमीटर (व्होल्ट मोजणारे छोटे उपकरण) घेऊन आले. बंद गाडीत बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट होता, म्हणजे बॅटरी ठीक होती. मग त्यांनी मीटरची एक काडी बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावली आणि मला चावी फिरवायला सांगितले. तिथे जास्तीत जास्त अर्धा व्होल्ट दिसायला हवा होता. मीटरने ४.१ दाखवले. त्यांनी काही न बोलता जम्पर केबलचे एक टोक इंजिनाला आणि दुसरे गाडीच्या सांगाड्यावरील स्वच्छ बोल्टला लावले आणि पुन्हा चावी फिरवायला सांगितले. स्टार्टर इतक्या जोरात फिरला की मी दचकलो. या दोन चाचण्यांना मिळून दहा मिनिटेही लागली नाहीत.

या गाडीत बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते, म्हणजे वीज सांगाड्यातूनच बॅटरीकडे परत जाते, पण इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी गाद्यांवर बसवलेले असल्यामुळे त्यांचा सांगाड्याशी विजेचा संबंध राहत नाही. तो संबंध जोडण्यासाठी माझ्या गाडीच्या काळातील एमजीबीत गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला एक विणीची अर्थिंग पट्टी असते. आम्ही गाडीखाली गेलो तेव्हा तिथे पट्टी नव्हती, बोल्टचे रिकामे भोक होते. क्लचच्या कामात ती काढली गेली आणि परत बसवली गेली नाही. स्टार्टरला लागणारा शेकडो अँपिअरचा प्रवाह परतीची वाट शोधत चोकच्या आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या बारीक पोलादी केबलींतून जात होता, म्हणून मूठ तापत होती. अल्टरनेटरचा प्रवाहही त्याच वाटेने जात असल्यामुळे बॅटरी पुरती चार्ज होत नव्हती आणि दिवे मंदावत होते. हे असेच चालू राहिले असते तर आग लागणेही अशक्य नव्हते. पैशांपेक्षा या गोष्टीचा मला अधिक संताप येतो.

क्लच बदलणाऱ्या गॅरेजकडून झाला तो निष्काळजीपणा होता. तज्ज्ञाच्या कामाचा उलगडा पुढच्या शनिवारी झाला. आम्ही नवी काळी टेप हळूहळू सोलली. आतल्या वायरींचे रंग विटलेले होते, आणि आधीच्या मालकाने फ्यूजच्या खोक्याजवळ तपकिरी वायरीला लाल वायरीचा तुकडा लावून केलेला ओबडधोबड जोड जसाच्या तसा तिथे होता. गाडी विकत घेताना काढलेल्या छायाचित्रात तो जोड स्पष्ट दिसतो. अल्टरनेटरवर ठोकलेले आकडेही जुन्या छायाचित्रातल्या आकड्यांशी जुळले. जुना अल्टरनेटर घासून, रंगवून परत लावलेला होता. फ्यूजचे खोके तेवढे खरोखर नवे होते.

अशा गाडीच्या मालकाने वायरींच्या रंगांची ओळख करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन, कारण ती असती तर मी त्या दिवशी दोन प्रश्न तरी विचारले असते. तपकिरी वायरीत बॅटरीचा प्रवाह कायम असतो, पांढरीत चावी फिरवल्यावर येतो, हिरवीत तोच फ्यूजमधून येतो, जांभळीत कायमचा पण फ्यूजमधून येतो आणि काळी अर्थिंगची असते. हॉर्न वाजतो पण वायपर, इंडिकेटर आणि ब्रेकचे दिवे एकदम बंद आहेत, असे असेल तर आधी हिरव्या बाजूचा फ्यूज आणि त्याची पकड तपासायची. संपूर्ण वायरिंग बदलण्याची गरज कधी पडतच नाही असे नाही, वायरींचे आवरण वितळले असेल तर ती पडते. पण ते कोणी सांगितले तर नेमकी कोणती वायर, मीटर कुठे लावला आणि आकडा किती आला, हे दाखवायला सांगावे. टेस्ट लॅम्पची चिमटी आधी बॅटरीच्या ऋण टोकाला आणि त्याचे टोक धन टोकाला लावून दिवा पेटतो का ते पाहावे. काम देण्यापूर्वी जोडांची आणि क्रमांकांची छायाचित्रे काढावीत आणि बदललेला प्रत्येक भाग डिकीत परत ठेवण्याची अट लेखी घालावी. चाळीस वर्षांपेक्षा जुन्या आणि फारसा बदल न केलेल्या गाड्यांना मे २०१८ पासून ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीतून सूट आहे, त्यामुळे असे काम दुसऱ्या कोणाच्या नजरेखालून आपोआप जात नाही.

पैसे परत मिळवण्याच्या बाबतीत माझी बाजू मीच कमकुवत करून ठेवली होती. १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या व्यवहारात आगाऊ रक्कम जरी क्रेडिट कार्डाने भरली असती, तरी १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे कार्ड कंपनीकडेही दाद मागता आली असती. बँकेतून थेट पाठवलेल्या आणि रोख दिलेल्या पैशांना ते संरक्षण नाही. मात्र २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सेवा वाजवी काळजीने आणि कौशल्याने देणे बंधनकारक आहे. त्या आधारे मी त्या तज्ज्ञाला छायाचित्रांसह लेखी नोटीस पाठवली. तीन आठवड्यांनी कोणतेही स्पष्टीकरण न देता ७०० पौंड खात्यात जमा झाले. उरलेल्या १,१९० पौंडांसाठी लहान दाव्यांच्या न्यायालयात अर्ज केला आहे. नवी पट्टी आम्ही त्याच शनिवारी बसवली. तापून आतले ग्रीस जळालेली चोकची केबल मी काढून एका पिशवीत ठेवली आहे, सुनावणीच्या दिवशी सोबत नेण्यासाठी.