दहा महिने गल्लीचा ग्रुप वापरून: सगळं बरं, ते सात दिवस सोडून

व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. गेल्या गणपतीत आमच्या बेळगावातल्या वडगावच्या गल्लीचा ग्रुप निघाला, आज 212 माणसं आहेत. फोन मुलाने टाकून दिलेला, 32 जीबीचा. रिचार्ज 299 रुपये, तोही 28 दिवसांचा. त्याला हे लोक महिना म्हणतात. लिहायला बसलो ते पाण्यावरून, पण आधी चांगलं सांगतो.

पूर्वी गल्लीच्या तोंडाला फळा होता. मयत, वर्गणी, नळाची वेळ, सगळं खडूने. ज्याच्या हातात खडू त्याची बातमी. फळ्यापुढे उभं राहून बायकांनी काही विचारल्याचं मला आठवत नाही. ग्रुप निघाल्यावर पहिल्याच आठवड्यात एका वहिनीने विचारलं, "मांडवाचे किती झाले?" सेक्रेटरी दोन दिवस गप्प. मग तिघींनी अंगठे दाखवले आणि कधी नव्हे तो मंडळाचा हिशोब चारचौघांत आला.

दुसरं म्हणजे नोटिसा. महापालिकेचा कागद कन्नडमध्ये येतो. आमच्या वयाच्या कितीतरी जणांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. कोणीतरी कागदाचा फोटो टाकतं आणि समोरच्या घरातली कॉलेजची पोरगी तो वाचून मराठीत व्हॉइस नोट टाकते. शेजारी माग सुरू असले की ती नोट ऐकायला मला फोन कानाला दाबून मोरीत जावं लागतं. पण तिच्यामुळेच घरपट्टी एप्रिलमध्ये भरली, 5 टक्के सूट मिळाली. 140 रुपये. म्हणजे जवळजवळ अर्धं रिचार्ज.

सीमाप्रश्नाचं न बोललेलंच बरं. 1 नोव्हेंबरला एकाच ग्रुपवर काळा दिनही असतो आणि राज्योत्सवाच्या शुभेच्छाही. सगळ्यांत तिखट लिहितात ते पुण्यात फ्लॅट घेऊन बसलेले. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आमच्याकडे त्याचा निकाल दर आठवड्याला लागतो. एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येतं, फार फिरलेला मेसेज तर एकाच ठिकाणी. पण रिटायर माणसाला वेळ भरपूर.

आता मुद्द्याचं. डिसेंबरात अ‍ॅडमिनने गायब होणारे मेसेज चालू केले, सात दिवसांवर. गुड मॉर्निंगच्या फुलांनी फोन भरतात म्हणून. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पहिला होतो. चार महिने मी ज्याला त्याला हीच सेटिंग सुचवत होतो. ते सगळं मागे घेतो.

मे महिन्यात राकसकोप जलाशयाचं पाणी तळाला गेलं आणि आमच्या नळाला नऊ दिवस थेंब नाही. निवडून आलेले एक गृहस्थ ग्रुपमध्ये आहेत. त्यांनी लिहिलं, "आठ दिवसांत नवीन लाइन जोडून देतो." खाली चाळीसेक नमस्कार. आश्वासन आठ दिवसांचं, मेसेज सात दिवसांचा! हे माझ्या लक्षात पाचव्या दिवशी आलं. 2023 पासून असा मेसेज दाबून धरून ठेवून घेता येतो. मी ठेवला. पण ठेवलेलं लिहिणाऱ्याला कळतं आणि त्याने नको म्हटलं की विषय संपला. त्यांनी नको म्हटलं. नवव्या दिवशी मी विचारलं तर उत्तर आलं, "मी कधी म्हणालो गा तसं?" एकाकडे स्क्रीनशॉट होता. त्यावर म्हणाले, हल्ली मोबाइलवर काय बी बनवता येतं.

अ‍ॅपने जे सांगितलं तेच केलं, तक्रार त्याची नाही. दोन माणसांच्या बोलण्याला हा नियम शोभतो. माझे शब्द, मी पुसीन. पण 212 जणांपुढे दिलेला शब्द एकट्याच्या मालकीचा कसा? खडूची अक्षरंही पुसली जायची, पण पुसणारा दिसायचा, आणि कोणीतरी विचारायचंच, का पुसलंस. इथे रात्रीतून जातं आणि सकाळी सगळ्यांची आठवण वेगळी. मांडवाचा तो हिशोब डिसेंबरच्या आधीचा, म्हणून वाचला. यंदाचा विचारू तो सात दिवसांत जाईल, मग पुढच्या वर्षी हा आकडा कोणाकडे असणार?

नव्वद दिवसांचा पर्याय आहे. अ‍ॅडमिनला तीनदा सांगितलं. तीनदा "बघू".

शेवटी मंडळाच्या खोलीतून जुना फळा काढला, पुसला आणि त्यावर आश्वासन तारखेसकट लिहून होता तिथे टांगला. संध्याकाळी त्या गृहस्थांनीच फळ्याचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "काम प्रगतीवर." फोटो मंगळवारी जाईल. फळा पावसात भिजू नये म्हणून वर पत्रा ठोकलाय. पत्र्याचे 180 रुपये मी घातलेत, ते वर्गणीतून अजून यायचे आहेत.