नैसर्गिक पांढरी वाइन की नेहमीची? बेळगावात बाटली घेण्याआधी

फेब्रुवारीत अथणीला मामांच्या बेदाण्याच्या शेडमध्ये पाऊल टाकलं की आधी नाकात शिरतो तो गंधक. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यातून काढलेले घड रॅकवर वाळत असतात आणि पिवळाधमक रंग यावा म्हणून त्यांना गंधकाची धुरी दिलेली असते. "गंधक नाही म्हणजे वाइन चांगली" असं गंधक जवळपास न घालता केलेली 'नैसर्गिक' वाइन घेणारे लोक मानतात, हे मामांना सांगितलं तर म्हणाले, "अरे, मग आमचा बेदाणा कुणी खायचाच न्हाई म्हण की."

त्यांचं म्हणणं बरोबर आहे. युरोपीय संघात कोरड्या पांढऱ्या वाइनमध्ये लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत सल्फाइट (गंधक घातल्यावर त्याचं होणारं रूप) चालतं, बेदाण्यात किलोला २०००. बेदाणे आपण मूठभरच खातो, हेही खरं. दमा असलेल्या काहींना सल्फाइटचा त्रास होतो, त्यांनी जपावंच. पण दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीचं खापर गंधकावर फोडायला आधार नाही. शिवाय आंबताना यीस्ट स्वतःच थोडं सल्फाइट तयार करतं, त्यामुळे पूर्ण सल्फाइटमुक्त वाइन जवळपास नसतेच.

नेहमीच्या पांढऱ्या वाइनमध्ये रस काढल्याबरोबर गंधक पडतो, निवडून वाढवलेलं यीस्ट घालतात, टाकी १२ ते १८ अंशांवर ठेवतात, बेंटोनाइट मातीनं रस निवळतात आणि शेवटी बारीक गाळतात. चव दरवर्षी साधारण तीच. नैसर्गिक वाइन सालीवरच्या आणि वायनरीतल्या यीस्टवर आपोआप आंबते, सहसा गाळत नाहीत, गंधक घातलाच तर अगदी थोडा. फ्रान्समध्ये २०२० पासून अशा वाइनसाठी ठरलेलं लेबल आहे: सेंद्रिय द्राक्षं, हातानं तोडणी, आणि सल्फाइट लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत. ती थोडी गढूळ असते, आणि चांगली निघाली तर तिच्यात सफरचंदाच्या सालीचा, ओल्या गवताचा असा जिवंत वास असतो की नेहमीची बाटली त्यापुढं फिकी वाटते. मला ती मनापासून आवडते.

तरीही सरसकट घ्या म्हणणार नाही. उन्हात पिकलेल्या द्राक्षात आंबटपणा लवकर उतरतो, पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा, आंबटपणा कमी तितका हा जास्त) वाढतो आणि जीवाणूंचं फावतं. पीएच ३.२ वरून ३.८ वर गेला तर तेवढ्याच मोकळ्या, म्हणजे वाइनमध्ये दुसऱ्या कशाशी न जोडलेल्या, गंधकाचा जंतूंवरचा जोर साधारण पाव राहतो. म्हणजे जिथं गंधकाची गरज जास्त, तिथंच तो कमी घालायचा. उष्ण मुलखात हे फार हुशार हातांचं काम आहे.

गेल्या मे महिन्यात एका दुकानातून अशी बाटली आणली. वास उत्तम, पहिला घोटही छान. गिळल्यावर आठ-दहा सेकंदांनी मात्र तोंडात उंदीर फिरलेल्या कणगीची चव उतरली. हा दोष ग्लासमध्ये नाकाला कळत नाही. वाइनच्या आंबटपणात तो दबलेला असतो आणि लाळेत मिसळल्यावरच वर येतो. गंधक कमी असलेल्या वाइनमध्ये तो जास्त सापडतो.

म्हणून घरी पंधरा-वीस माणसं जेवायला असतील, बाटल्या आठवडाभर आधी आणून ठेवायच्या असतील, तर नेहमीचीच घ्या. नाशिककडची शेनिन ब्लां ही पांढरी वाइन तळलेल्या सुरमईबरोबर मस्त लागते, पैसेही कमी जातात. दोघं-तिघं असाल, फ्रिजमध्ये जागा असेल आणि उघडलेली बाटली त्याच रात्री संपणार असेल, तर नैसर्गिक जरूर घ्या. पहिल्यांदाच घेत असाल तर बाटली भरताना थोडा गंधक घातलेली निवडा.

आणि दुकानदाराला एवढं विचाराच: "एप्रिल-मेत ही कुठं ठेवली होती?" पत्र्याखालच्या, उन्हानं तापणाऱ्या वरच्या फळीकडं बोट दाखवलं, तर त्या दिवशी शेनिन ब्लांच घेऊन या.