कुंग फू हवं आणि सोबत उपचारही: हुंग गार, ताई ची की विंग चुन?

आधी एवढं ठरवा, बरं कोणाला करायचंय, दुसऱ्याला की स्वतःला? स्टाइल त्यावर ठरते.

दुसऱ्याला, तर मी डोळे झाकून हुंग गार म्हणेन. हिचे सगळ्यात गाजलेले मास्टर वाँग फेइ-हुंग (१८४७–१९२५) पो ची लाम नावाचा दवाखाना चालवायचे. तिथल्या उपचाराला कॅन्टोनीजमध्ये (दक्षिण चीनमधली भाषा) दित दा म्हणतात, शब्दशः पडणं-मार लागणं, म्हणजे मुरगळणं, मुका मार, निखळलेला सांधा, थोडक्यात आपल्या हाडवैद्याचंच काम. सोबत दित दा जाव असतं, हिराबोळ, करडईची फुलं आणि अजून बरंच काही दारूत आठवडेच्या आठवडे मुरवायचं आणि वरून चोळायचं. उघड्या जखमेवर नाही, आणि प्यायचं तर अजिबात नाही (दारू म्हटल्यावर विचारणारे असतातच). फक्त हुंग गारमध्ये घोड्यावर बसल्यासारखं खाली बसून मिनिटंच्या मिनिटं थांबायचं असतं, त्यामुळे गुडघे आधीच कुरकुरत असतील तर जपून.

स्वतःलाच नीट ठेवायचंय तर ताई ची. १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने ताई चीच्याच यांग स्टाइलवरून २४ हालचालींचा छोटा फॉर्म बसवला, तो पाच-सहा मिनिटांत होतो आणि म्हाताऱ्या माणसांचा तोल सुधारतो, पडणं कमी होतं, हे अभ्यासांतूनही दिसलंय. पण मारामारीत कामाला यायला वर्षं जातात, दोन महिन्यांत काही होत नाही.

विंग चुनची गंमत वेगळी. दक्षिण चीनमधल्या फोशानचे लिउंग जान हे हिचे जुने मास्टर स्वतः वैद्य होते, पण ज्यांच्यामुळे ही स्टाइल जगभर गेली ते इप मान आधी पोलिसात होते, वैद्य नव्हते, आणि आज बहुतेक क्लासमध्ये औषधाचा विषयही निघत नाही. म्हणजे वैद्यकी स्टाइलमध्ये नसते हो, मास्तरच्या हातात असते. म्हणून पाटी बघून फी भरू नका, ट्रायल क्लासला जाऊन विचारा की जाव स्वतः बनवता का, कोणाकडून शिकलात, आणि कोणाचं मनगट सुजलं तर काय करता. "आधी एक्स-रे काढून ये" म्हणाला तर तो माणूस धरून ठेवा.

आणि चिनीच हवं असा हट्ट नसेल तर केरळची युद्धकला कळरिपयट्टू बघाच, तिथे मर्म (शरीरातल्या नाजूक जागा) आणि तेलाचा मसाज हा गुरूच्या शिक्षणाचाच भाग असतो आणि बऱ्याच कळरींत, म्हणजे तिथल्या आखाड्यांत, गुरू स्वतः पेशंट बघतात.