कमोडोर ६४ च्या कार्ट्रिजचे कोरे बोर्ड: दसरा ते मृग, आठ महिन्यांचा अनुभव

दसऱ्याच्या आठवड्यात हे बोर्ड लातूरला घरपोच आले आणि आता मृगाचा पहिला पाऊस पडून गेलाय. एवढं वापरल्यावर लिहायला हरकत नाही. मामांनी जर्मनीहून आणलेला कमोडोर ६४, म्हणजे ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक, आमच्याकडे अजून चालू आहे. टेपवरून खेळ चढायला मिनिटामागून मिनिटं जातात, कार्ट्रिज, म्हणजे आत चिपचा बोर्ड असलेली प्लास्टिकची डबी, मात्र खोचून बटण दाबलं की लगेच सुरू. भाच्यांसाठी पाढ्यांचा एक छोटा खेळ मी स्वतः लिहिला होता, तो कार्ट्रिजवर टाकायचा म्हणून हा सगळा खटाटोप.

दोन विक्रेत्यांकडून पाच-पाच बोर्ड घेतले. एका संचाच्या पट्ट्यांवर, म्हणजे यंत्राच्या खाचेत जाणाऱ्या कडेवरच्या संपर्कांवर, कथलाची कल्हई, दुसऱ्यावर सोन्याचा मुलामा. दोन्ही १.६ मिमी जाड, दोन्हींवर वर २२ आणि खाली २२ अशा ४४ पट्ट्या, दोन पट्ट्यांतलं अंतर २.५४ मिमी. फोटोत बघाल तर रंगापलीकडे फरक कळत नाही.

बोर्डावर काम फारसं नसतं. ८ किलोबाइट म्हणजे ८१९२ घरं, त्यासाठी घराचा पत्ता सांगणाऱ्या १३ ॲड्रेस लाइन आणि ८ डेटा लाइन, बाकी पाच व्होल्ट, ग्राउंड आणि चिप निवडणारी एक लाइन. एक २७सी६४ ईप्रॉम (प्रोग्राम साठवणारी, अतिनील प्रकाशाने पुसता येणारी चिप) आणि तिच्या अगदी जवळ १०४ चा एक कपॅसिटर, झालं. खरी गंमत दोन जंपरमध्ये, म्हणजे डाग देऊन जोडायच्या जागांमध्ये, आहे. ‘एक्सरॉम’ लाइन ग्राउंडला जोडली की यंत्राला कळतं, ८ किलोबाइटचा रॉम (कायमची साठवण) लागलाय. मग हेक्समधल्या (सोळाच्या पायावरच्या आकड्यांतल्या) ८००० पासूनची जागा कार्ट्रिजची होते, आणि सुरू होताना यंत्र ८००४ वर ‘सीबीएम८०’ ही खूण शोधतं. ‘एक्सरॉम’ आणि ‘गेम’ दोन्ही जोडले तर १६ किलोबाइट. पहिल्या बोर्डावर मी चुकून फक्त ‘गेम’ला डाग दिला आणि पडदा काळाच राहिला. चिप खराब निघाली असं समजून दोन संध्याकाळी वाया घालवल्या. एकट्या ‘गेम’ने यंत्राचा स्वतःचा रॉमच बाजूला होतो, सुरुवात कुठून करायची हेच प्रोसेसरला सापडत नाही. कल्हईवाल्या बोर्डावर या जंपरची नावंही छापलेली नाहीत. सोनेरी बोर्डावर ८, १६ असं स्वच्छ लिहिलंय.

आता पट्ट्यांबद्दल, कारण सगळा निकाल तिथेच लागतो. पहिले तीन महिने दोन्ही बोर्ड सारखेच चालले. संक्रांतीनंतर कल्हईवाला बोर्ड अडायला लागला. एकदा चालू, एकदा बंद, जरा हलवलं की पुन्हा चालू. भिंगातून पाहिलं तर पट्ट्यांवर जिथे यंत्राच्या खाचेतला काटा टेकतो तिथे करड्या, मंद रेघा. कथलावर हवेने थर धरतो, आणि काढताना-घालताना, नुसतं हलतानाही तो चोळला जाऊन पुन्हा नवा धरतो. मी खोडरबर घेऊन बसलो, तर गंजगोलाईत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे चाचा म्हणाले, “खोडरबर लावलालास का? ह्याला चालंल एक बार, पर त्या सोन्याच्याला हात लावू नको. सोनं लई पातळ असतंय, घासून घासून तांबं वर येतंय.” तेव्हापासून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड, बाकी काही नाही. लहानपणी टीव्ही गेमच्या कॅसेटमध्ये आपण सगळेच फुंकर मारायचो. तोंडातली वाफ पट्ट्यांवर बसते आणि गंज वाढतो, म्हणून भाच्यांना तेवढं एक निक्षून सांगून ठेवलंय.

सोनेरी बोर्डाची पुढची कड तिरपी तासलेली आहे. तो बोर्ड खाचेत सरळ सरकतो. दुसऱ्याची कड चौकोनी आहे, तो अडखळतो आणि यंत्राचे काटे खरवडतो. चाळीस वर्षांच्या यंत्राचा कनेक्टर सहजासहजी मिळत नाही. माझ्या लेखी हा दोष कल्हईपेक्षाही मोठा.

तुलनेसाठी घरातली एक जुनी मूळ कार्ट्रिज उघडली. त्यातल्या बोर्डावरच्या तांब्याच्या वाटा वळणं घेत गेलेल्या, माणसाने हाताने आखल्यात हे दिसतं. मधोमध २४ पायांचा रॉम. तो काढून आपली ईप्रॉम बसवता येत नाही, कारण २७६४ ला २८ पाय. टीव्ही गेमच्या स्वस्त ६० पट्ट्यांच्या कॅसेटमध्ये तर चिपही दिसत नाही, नुसता काळा गोळा. उघडी चिप थेट बोर्डावर चिकटवून केसासारख्या तारा जोडतात आणि वरून इपॉक्सी ओततात. तो गेला की दुरुस्ती नाही.

डबीशिवाय नुसता बोर्ड कधीही खोचू नका. यंत्राच्या १ नंबरला ग्राउंड आहे, २ आणि ३ ला पाच व्होल्ट. बोर्डावर २ आणि ३ एकमेकांना जोडलेले असतात. बोर्ड एक घर सरकला तर तेच दोन यंत्राच्या १ आणि २ वर बसतात, म्हणजे पाच व्होल्ट थेट ग्राउंडला. बोर्ड नेमक्या जागी बसवणं हे डबीचं काम आहे. माझी थ्रीडी प्रिंट केलेली पीएलए प्लास्टिकची डबी मे महिन्यात गाडीत राहिली आणि दुपारच्या उन्हात वाकडी झाली. लातूरच्या उन्हात बंद गाडीत पीएलए टिकत नाही, एबीएस प्लास्टिकची घ्या.

उन्हावरून आठवलं, ईप्रॉमच्या काचेच्या खिडकीवर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावाच. एप्रिलमध्ये एक जुनी चिप मुद्दाम उघडी गच्चीवर ठेवली होती. पाचव्या दिवशी काही बाइट बदलले, आठव्या दिवशी सगळीकडे एफएफ, म्हणजे चिप पूर्ण पुसलेली. अतिनील दिव्याखाली हेच काम पंधरा-वीस मिनिटांत होतं.

सोनेरी बोर्ड जवळपास दुप्पट महाग पडले, तरी पुन्हा घेईन ते तेच. कल्हईवाल्यांपैकी दोन चाचांना चाचणीसाठी दिलेत. सोनेरीपैकी एक रोज संध्याकाळी लागतो. धाकटी भाची काल एकोणतिसाच्या पाढ्यापर्यंत पोचली आणि बोर्ड अजून एकदाही अडलेला नाही.