विंकहाउझेन संग्रह: रंगांसाठी झकास, तारखांसाठी बेभरवशाचा

नेपोलियनच्या काळातल्या सैनिकांचे छोटे पुतळे रंगवणाऱ्यांना न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या डिजिटल संग्रहात ही ३२ हजारांवर गणवेशचित्रं फुकट मिळतात. विंकहाउझेन हे डच डॉक्टर. त्यांनी पुस्तकांची पानं कापून देश आणि काळानुसार वह्यांत चिकटवली, काही चित्रं स्वतः रंगवली. खरी गोम इथेच आहे: मूळ चित्रकार कोण, चित्र कधीचं, हे बऱ्याचदा कळत नाही.

म्हणून चित्राच्या मथळ्यातल्या वर्षावर जाऊ नका, कोटाची शिवण बघा. फ्रेंच पायदळाच्या जुन्या कोटाची छातीची पाखं (दुमडलेले पट्टे) खाली उघडतात, आतली पांढरी बंडी दिसते, मागे लांब शेपट्या असतात. १८१२ च्या नियमावलीतला कोट कमरेपर्यंत बंद आणि आखूड शेपट्यांचा. तो सैनिकांच्या अंगावर दिसू लागला प्रामुख्याने १८१३ पासून. त्यामुळे १८१२ च्या रशियाच्या मोहिमेतल्या फ्रेंच फौजेला जुनाच कोट द्यायचा.

ब्रिटिश कोटांवरच्या, बटणांशी शिवलेल्या आडव्या फितींसाठी मात्र संग्रह तोकडा पडतो. गार्ड्स म्हणजे राजाच्या रक्षक पायदळाच्या रेजिमेंट; त्यांतल्या पहिल्या गार्ड्सच्या छातीवर फिती एकेक, कोल्डस्ट्रीमच्या दोन-दोन, तिसऱ्या गार्ड्सच्या तीन-तीन अशा गटांत. छोट्या चित्रांत हे अंतर सरळ चुकलेलं असतं. २८ मिमी उंचीच्या पुतळ्यावर इतर रेजिमेंटांच्या फितीतली रंगीत रेघ सोडली तरी चालेल, गट चुकवून चालणार नाही.

कुठे कोणता रंग ते चित्रात बघा, पण नेमकी छटा स्क्रीनवरून उचलू नका, कागद पिवळा पडलेला असतो. फ्रेंच निळा मुळात इतका गडद की पुतळ्यावर काळाच वाटतो. एक छटा उजळच घ्या.

शोधाची सोय यथातथाच. देश उघडून पान-पान चाळणं जास्त फळतं.