झाडासारखा वाढणारा डेलिया: वीस महिन्यांनंतर

मार्चमध्ये हातभर लांबीचं एक टिपरं मातीत आडवं पुरलं होतं. उसाचं बेणं लावतात तसंच, दोन डोळे शाबूत आणि वर चार-पाच बोटं माती. आज वीस महिन्यांनी तिथे माझ्या दुप्पट उंचीच्या सात काठ्या उभ्या आहेत आणि शेंड्यांवर जांभळट गुलाबी फुलं माना खाली घालून लोंबताहेत.

हा डेलिया इम्पेरियालिस. मूळचा मेक्सिकोपासून कोलंबियापर्यंतच्या डोंगराळ भागातला. झाड म्हणतात खरं, पण त्याला लाकूड नाही. दरवर्षी कंदातून नवे फुटवे येतात आणि काही महिन्यांत बांबूसारखे वर जातात. अनुकूल हवेत आठ-दहा मीटरसुद्धा. काठ्या आतून पोकळ. एक हिरवी काठी छाटली तेव्हा पेराच्या वरून ओंजळभर पाणी माझ्या पायांवर सांडलं. मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतल्या ‘अकोकोत्ली’ या जुन्या नावाचा अर्थ पाण्याची नळी, तो त्या दिवशी नीट कळला.

पहिल्या वर्षी मात्र फुलांनी रडवलं. पानं सुरेख, एकेक पान हातापेक्षा लांब, पण ऑक्टोबर संपला तरी कळी नाही. मी खत वाढवत राहिले. चूक तिथेच झाली. खताने फक्त पाला वाढला. या झाडाला कळी धरायला लांब रात्र लागते, दिवस बारा तासांहून लहान व्हावा लागतो. म्हणून ते उत्तर गोलार्धात हिवाळ्याच्या तोंडावर फुलतं, दक्षिणेत साधारण मे-जूनमध्ये. नोव्हेंबरात एक गोष्ट डोळ्यांत भरली: अंधाराकडच्या फांद्यांवर कळ्या होत्या आणि व्हरांड्याच्या दिव्याकडची बाजू हिरवीगार, कोरी. दिवा रात्रभर जळायचा. यंदा सप्टेंबरपासून तो बंद ठेवला आणि दोन्ही बाजू सारख्या फुलल्या.

हवामानाचं म्हणाल तर माझं टिपरं ज्या झाडाचं, त्याच झाडाची टिपरी धाकट्या बहिणीकडे आणि मामेभावाकडेही गेली. बहिणीकडे थंडी कडक. ऑक्टोबरअखेर दव गोठलं आणि हरभऱ्याएवढ्या कळ्या एका रात्रीत काळ्या पडल्या. पेंढ्याच्या जाड आच्छादनाखाली कंद मात्र तगला आणि वसंतात पुन्हा फुटला. म्हणजे झाड जगतं, फूल बघायला मिळत नाही. तिला वाईट वाटलं, मलाही. मामेभाव समुद्राकाठी, दमट उकाड्यात. तिथे काठ्या बारीक, ओढल्यासारख्या उंच झाल्या आणि पावसात पाणी साचून कंद सडला. थंड रात्री, पाणी न साचणारी जमीन आणि गोठणाऱ्या थंडीला उशीर, या तिन्ही गोष्टी मिळाल्या तरच याचं सोनं होतं.

सर्वांत मोठी तक्रार वाऱ्याची. काठी वाकत नाही, पेरापाशी कडकन मोडते. गेल्या साली वादळात तीन गेल्या, तेही कळ्यांसकट. यंदा फुटवे दोन फुटांचे असताना शेंडे खुडले, पुन्हा जूनअखेर एकदा. झाड बुटकं आणि फांदेदार झालं, भिंतीच्या आडोशाला टिकलं. त्यानंतर मात्र कात्री लावू नका, कळ्या धरायला वेळ उरत नाही.

फुलदाणीसाठी लावणार असाल तर सोडून द्या. माझ्याकडे कापलेलं फूल दुसऱ्या दिवशी गळालं. झाडावर मात्र पहाटेच्या उजेडात पाकळ्यांतून प्रकाश आरपार येतो आणि मधमाश्या उन्हाची वाट न बघता हजर होतात. त्या वेळी बागेत दुसरं फारसं काही फुललेलं नसतं, म्हणून मला या झाडाचं फार अप्रूप.

फुलं सरली की काठ्या जमिनीपासून वीतभर ठेवून कापेन. जाडजूड कांड्यांची टिपरी वाळू भरलेल्या खोक्यात, गारव्याला राहतील. त्यातलं सर्वांत दणकट बहिणीसाठी ठेवलंय. या वेळी ती ते उघड्यावर नाही, घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीला लागून लावणार आहे.